कॉफीचा चोथा आणि रंगाचे पाणी

कॉफीच्या चोथ्यापासून विशिष्ट प्रकारचा कोळसा तयार करून त्याने कापड कारखान्यांचे रंगीत सांडपाणी स्वच्छ करता येते, अशा आशयाचे वृत्त वर्षातून तीन-चार वेळा तरी कोठे ना कोठे वाचनात येते. सोबत बहुधा दोन चंचुपात्रांचे छायाचित्र असते. एकात गडद निळे पाणी, दुसऱ्यात नितळ. वृत्ताचा शेवट ठरलेला असतो: तंत्र सोपे आहे, कच्चा माल फुकट आहे, शासनाने पुढाकार घेतला पाहिजे. शासकीय सेवेत असल्यामुळे ‘मग तुम्ही लोक हे करत का नाही?’ असे स्नेहीजन मला विचारतात. ‘इच्छाशक्तीचा अभाव’ हे अशा प्रश्नाचे नेहमीचे उत्तर. परंतु या बाबतीत ते पुरेसे नाही. इच्छाशक्ती भरपूर असली आणि हिशेब कच्चा असला, तर सार्वजनिक पैसा कसा वाया जातो याचे हे चांगले उदाहरण होऊ शकेल. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम तंत्राविषयी. कॉफीचा चोथा, फळाचे साल किंवा टरफल हवेचा संपर्क टाळून तापविले की त्यातील वायुरूप द्रव्ये निघून जातात आणि सच्छिद्र कोळसा उरतो. त्याला फॉस्फोरिक आम्ल, झिंक क्लोराइड किंवा वाफ यांची प्रक्रिया दिली की छिद्रे वाढतात व एका ग्रॅमच्या पोटात शेकडो चौरस मीटरचा पृष्ठभाग तयार होतो. पाण्यातील रंगद्रव्याचे रेणू या पृष्ठभागावर जाऊन बसतात. याला अधिशोषण म्हणतात. यात रंग नष्ट होत नाही, तो पाण्यातून निघून कोळशावर जातो. ही गोष्ट वृत्तांमध्ये सहसा लिहिलेली नसते आणि माझ्या मते सर्व प्रशासकीय प्रश्नांचे मूळ तेथेच आहे. त्याकडे पुढे येऊच.

आपल्या देशात या कल्पनेचे आकर्षण वाटावे असा भूगोलही आहे. भारतात दरवर्षी सुमारे साडेतीन लाख टन कॉफी पिकते. तिच्यापैकी जवळजवळ सत्तर टक्के एकट्या कर्नाटकात आणि तेथेही सर्वांत मोठा वाटा कोडगू जिल्ह्याचा. कावेरीचा उगम याच कोडगूत, तळकावेरीला. ती खाली तमिळनाडूत उतरली की तिला नोय्यल नावाची एक लहान नदी मिळते. ही नदी वेळ्ळियंगिरीच्या डोंगरात उगम पावून कोइम्बतूर आणि तिरुप्पूर या शहरांतून वाहत येते. तिरुप्पूर म्हणजे होजिअरीची राजधानी. आपल्या अंगावरच्या बनियनपासून युरोपातील दुकानांत विकल्या जाणाऱ्या टी-शर्टपर्यंत सारे तेथे विणले, रंगविले आणि शिवले जाते. एकाच खोऱ्याच्या माथ्यावर कॉफीचा कचरा आणि मध्यावर रंगाचे पाणी, तेव्हा एकाने दुसऱ्याचे औषध व्हावे, ही कल्पना कोणालाही मोहविणारी आहे.

तिरुप्पूरमध्ये जे घडले ते मात्र विसरता कामा नये. नोय्यलवर तिरुप्पूरच्या खालच्या अंगाला ओरत्तुपाळयम येथे 1992 मध्ये सिंचनासाठी धरण पूर्ण झाले. रंगाईच्या कारखान्यांतून त्या काळी रोज आठ-नऊ कोटी लिटर सांडपाणी बाहेर पडत असे. ते नदीतून वाहत येऊन धरणात साठू लागले. ज्यांच्या शेतीसाठी धरण बांधले, तेच शेतकरी काही वर्षांत ‘हे पाणी आम्हांला नको, दरवाजे उघडेच ठेवा’ असे म्हणू लागले. आपल्या देशात धरणाचे पाणी नाकारण्यासाठी न्यायालयात जावे लागलेले शेतकरी फार थोडे असतील. मद्रास उच्च न्यायालयाने 2006 मध्ये शून्य द्रव विसर्गाची, म्हणजे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची अट घातली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. आणि पालन होत नाही हे पाहून 28 जानेवारी 2011 रोजी उच्च न्यायालयाने सातशेहून अधिक रंगाई व ब्लीचिंग कारखाने बंद करण्याचा, त्यांची वीज तोडण्याचा आदेश दिला. हजारो कामगार एका आठवड्यात घरी बसले. काही रंगाई शेजारच्या जिल्ह्यांत चोरून सुरू झाली. पुढे राज्य शासनाच्या बिनव्याजी कर्जाच्या आधाराने सामाईक प्रक्रिया केंद्रे सुधारली आणि कारखाने टप्प्याटप्प्याने पुन्हा चालू झाले. आज तेथील केंद्रांत पाणी सूक्ष्म पटलांतून गाळले जाते आणि उरलेले तीव्र द्रावण तापवून आटविले जाते.

मग तेथे कॉफीचा कोळसा का नको? कारण नोय्यलच्या काठची शेती मुख्यतः मिठामुळे उद्ध्वस्त झाली. सुती कापड ज्या रिॲक्टिव्ह रंगांनी रंगवितात, ते रंग धाग्यावर चढावेत म्हणून रंगाच्या टाकीत लिटरमागे पन्नास ते ऐंशी ग्रॅम मीठ किंवा सोडियम सल्फेट घालावे लागते. धाग्यात मीठ जात नाही. ते जवळजवळ सगळे सांडपाण्यात येते. विहिरी खाऱ्या झाल्या, जमिनी कडक झाल्या त्या या क्षारांमुळे. रंग डोळ्यांना दिसतो म्हणून वृत्तपत्रांतील छायाचित्रे रंगाची असतात. कोळशाने रंग उतरेल, मीठ तसेच राहील. नितळ दिसणारे पण खारट पाणी नदीत सोडण्याची सोय एवढाच या तंत्राचा उपयोग होणार असेल, तर ते प्रदूषण लपविण्याचे साधन ठरेल. रंगीत पाणी निदान गावकऱ्यांना सावध तरी करते.

दुसरी अडचण प्रयोगशाळेतली आहे. काही वर्षांपूर्वी अशा स्वरूपाच्या संशोधन प्रस्तावांची छाननी करणाऱ्या एका समितीत बसण्याचा योग आला. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. रसायनशास्त्र शाळेपलीकडचे नाही. तेव्हा शेजारी बसलेल्या वैज्ञानिक सदस्यांना प्रश्न विचारत गेलो आणि एक गोष्ट लक्षात आली. बहुतेक प्रस्तावांत चाचणी होती ती मिथिलीन ब्लू या रंगाची, तीही ऊर्ध्वपातित पाण्यात. मिथिलीन ब्लूचे रेणू धनभारित असतात. लाकूड, भुसा, चोथा अशा वनस्पतिजन्य पदार्थांच्या कोळशाचा पृष्ठभाग साध्या पाण्यात बहुधा ऋणभारित असतो. दोघांचे लगेच जमते आणि ‘ग्रॅममागे काही शे मिलिग्रॅम’ असे डोळे दिपविणारे आकडे मिळतात. तिरुप्पूर, इचलकरंजी किंवा राजस्थानातील पाली-बालोतरा येथे सुती कापडावर वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग मात्र ऋणभारित. शिवाय ते सांडपाणी चांगलेच अल्कधर्मी असते. अशा पाण्यात हाच कोळसा बराच मंदावतो. पाणी आम्लधर्मी केले तर पकड सुधारते, पण मग त्या आम्लाचा खर्च हिशेबात धरला पाहिजे. खऱ्या सांडपाण्यात या रंगांबरोबर स्टार्च, साबण, तेल, मऊपणा आणणारी रसायने असतात आणि तीही कोळशावरची जागा अडवितात. ‘आपण प्रत्यक्ष कारखान्याचे पाणी का आणले नाही?’ या प्रश्नाला एका तरुण संशोधकाने फार प्रामाणिक उत्तर दिले: कारखानदार नमुना देत नाहीत आणि मिथिलीन ब्लू घेतले की इतरांच्या निष्कर्षांशी तुलना करता येते. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. शोधनिबंध छापून येण्यासाठी जे मोजमाप सोयीचे, ते नदीसाठी सोयीचे असतेच असे नाही, आणि अनुदान देणाऱ्याने हा फरक विचारायला हवा होता.

आता थोडे अंकगणित करू. समजा, एक लाख लिटर सांडपाण्यात दर लिटरला शंभर मिलिग्रॅम रंग आहे. म्हणजे एकूण दहा किलो. प्रत्यक्ष परिस्थितीत एक ग्रॅम कोळसा तीस मिलिग्रॅम रंग धरतो असे मानू. मग सुमारे 333 किलो कोळसा लागेल. कोरड्या चोथ्यातून वजनाच्या साधारण चौथा हिस्सा कोळसा मिळतो असे धरल्यास 1,333 किलो कोरडा चोथा लागेल, आणि चोथ्यात साठ टक्के पाणी असेल तर ओला चोथा सव्वातीन टनांहून अधिक. तिरुप्पूरचे पूर्वीचे रोजचे आठ कोटी लिटर पाणी आणि वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले, तर वर्षाला तीन लाख टनांहून अधिक कोरडा चोथा हवा. एक टन कच्च्या कॉफीमागे सुमारे 650 किलो चोथा निघतो, या सर्वसाधारणपणे मानल्या जाणाऱ्या प्रमाणाने आपल्या देशातील सगळे पीक येथेच उकळून प्यायले तरी सव्वादोन लाख टनांच्या आसपास चोथा होईल. प्रत्यक्षात पिकाचा मोठा भाग निर्यात होतो. गृहीतके बदलली तर आकडे बदलतील, हे उघड आहे. कोळसा तिप्पट चांगला निघाला असे धरा. तरीही एका शहरासाठी वर्षाला लाखभर टन कोरडा चोथा गोळा करावा लागेल. ‘मुबलक कच्चा माल’ हा शब्दप्रयोग करणाऱ्याने ही बेरीज आधी केली पाहिजे.

फुकट कच्चा माल हीसुद्धा अशीच एक समजूत आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात संधिव्यय शिकवितात. एखादी वस्तू एका कामाला लावली की दुसऱ्या कामाला मुकते, ते मुकणे हीच तिची किंमत. चोथा मोठ्या प्रमाणावर एका ठिकाणी मिळतो तो झटपट विरघळणाऱ्या कॉफीच्या कारखान्यांत. आपल्याकडे ते नंजनगुड, थेनी, दुग्गिराला अशा ठिकाणी आहेत. जगभर या उद्योगात चोथा दाबून, वाळवून बॉयलरमध्ये जाळण्याची पद्धत आहे, कारण वाळलेल्या चोथ्यात आपल्या दगडी कोळशाच्या तोडीची किंवा त्याहून अधिक उष्णता असते. त्यामुळे तो मागितला तर मालक त्याऐवजी लागणाऱ्या इंधनाचा भाव सांगेल, आणि ते योग्यच आहे. घराघरांतील आणि हॉटेलांतील चोथा खरोखर कोणाला नको असतो. पण तो मूठ-मूठभर, ओला आणि दोन दिवसांत बुरशी धरणारा. शिवाय बंगळुरू-चेन्नईत राहिलेल्या मराठी मंडळींना ठाऊक असेल की फिल्टर कॉफीत चिकोरी असते. कायद्याने ती 49 टक्क्यांपर्यंत चालते. म्हणजे प्रत्येक उपाहारगृहाचा चोथा निराळा आणि त्याचा कोळसाही निराळा. कोडगूतील ओला गर तर हंगामी. नोव्हेंबर ते मार्च त्याचे डोंगर आणि पुढे काही नाही. मळेवाले त्याचे खत करून कॉफीच्याच झाडांना घालतात, यापेक्षा शहाणपणाचा उपयोग मला तरी सुचत नाही. कोडगूचा खरा प्रश्न गर काढताना निघणाऱ्या, सेंद्रिय द्रव्यांनी भरलेल्या पाण्याचा आहे. ते कावेरीच्या माथ्यावरच तिला मलिन करते. कॉफीच्या कचऱ्याने खालची नदी धुण्याआधी वरचा ओढा पाहिला तर बरे.

तिरुप्पूर जिल्ह्यातच कांगेयम आहे, खोबरे आणि खोबरेल तेलासाठी प्रसिद्ध. त्या साऱ्या पट्ट्यात नारळाच्या करवंटीचा कोळसा आणि त्यापासून ॲक्टिव्हेटेड कार्बन करण्याचा धंदा रुजलेला आहे. तो माल जगभर जातो. शेजारी तयार, प्रमाणित कार्बन मिळत असताना कारखानदार कॉफीचा का घेईल? एक कारण संभवते. करवंटीच्या कार्बनची छिद्रे फार बारीक असतात; वायू आणि लहान रेणू त्यांत सहज जातात, रंगाचे मोठे रेणू तितके नाही. चोथ्याला रासायनिक प्रक्रिया दिली तर मध्यम आकाराची छिद्रे मिळू शकतात. हा गुण खरा असेल तर तो भावात दिसेल. त्यासाठी ‘टाकाऊतून टिकाऊ’ या घोषणेची गरज पडू नये. आणि प्रक्रियेला झिंक क्लोराइड वापरले तर कार्बन धुतलेल्या पाण्यात जस्त येते, हेही त्याच हिशेबात लिहावे लागेल.

एवढे सगळे वाचून मी ही कल्पना फेटाळतो आहे असे वाटेल. तसे नाही. माझा आक्षेप जागेच्या निवडीला आहे. रेशीम रंगवितात ते बहुधा आम्लधर्मी टाकीत. त्यात मीठ फारसे नसते, पाणी थोडे असते आणि ॲसिड रंग ऋणभारित असले तरी आम्लधर्मी पाण्यात कोळशाची पकड चांगली बसते. कांचीपुरम किंवा आपल्याकडचे येवले घ्या. तेथे रंगारी लहान. भांडी, चूल आणि हातावर पोट. अशा रंगाऱ्यासमोर सामाईक केंद्राचे नळ, पटले आणि बाष्पीभवनाचे मनोरे यांचा विषय काढणे ही क्रूर चेष्टा आहे. त्याचे पाणी आज गटारात जाते. दिवसाला काही शे किंवा हजारभर लिटर पाण्यासाठी एक-दोन पिंपे आणि महिन्याला काही पोती कोळसा, एवढ्यात काम भागू शकेल. येथे चोथ्याचा पुरवठाही अपुरा पडत नाही. मोठ्या कारखान्यांत या कोळशाला एकच स्थान मला दिसते. पटलातून गाळून उरलेल्या खाऱ्या द्रावणाचा रंग उतरविला की ते मीठ पुन्हा रंगाच्या टाकीत वापरता येते. मीठ वाचले की कारखानदाराचा पैसा वाचतो आणि नदीचे भलेही होते. पण तेथे क्लोरीन, ओझोन आणि रेझिन यांच्याशी स्पर्धा आहे. निवड ज्याची त्याने करावी.

आता मघाशी बाजूला ठेवलेला प्रश्न. रंग प्यायलेल्या कोळशाचे काय करायचे? बारीक भुकटी असेल तर ती तापवून पुन्हा वापरणे लहान प्रमाणावर परवडत नाही. कारखान्यांच्या सांडपाण्यावरील प्रक्रियेतून निघणारा रासायनिक गाळ 2016च्या घातक कचरा नियमांच्या अनुसूचीत येतो, आणि रंगाने भरलेला कोळसा त्याचाच भाऊ मानला पाहिजे. त्याला सर्वांत योग्य जागा सिमेंटच्या भट्टीत. तापमान अतिशय उंच, राखही सिमेंटमध्ये सामावली जाते, आणि कोळसा असल्यामुळे उष्णताही मिळते. म्हणजे चोथ्याचे जळणमूल्य काही अंशी शेवटी वसूल होते. मला भीती वाटते ती दुसऱ्याच वाटेची. या पदार्थाचे नाव ‘बायोचार’ आहे आणि बायोचार जमिनीला चांगला, असा प्रचार गेल्या काही वर्षांत सर्वत्र झाला आहे. वापरलेली काळी पोती कारखान्याच्या मागील दाराने बाहेर पडून ‘सेंद्रिय भूसुधारक’ म्हणून शेतात गेली, तर ती ओळखण्याचे साधन तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे नाही. कोरा कोळसाही काळा आणि रंग प्यायलेलाही काळा. ज्या शेतकऱ्यांच्या विहिरी एकदा रंगाईने बिघडविल्या, त्यांच्याच शेतात तो रंग पुन्हा गोणीत भरून, वर पैसे घेऊन जाऊ शकतो. वीटभट्टीतही जाऊ शकतो. तेथे निदान तो धुरावरून कळेल.

या साऱ्याला जबाबदार कोण, हे ठरविणे सोपे नाही. कॉफी मंडळ वाणिज्य मंत्रालयाकडे, कापड वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे, संशोधन विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे, नदी जलशक्तीकडे, प्रदूषण राज्याच्या मंडळाकडे. प्रत्येकाचे उद्दिष्ट निराळे आणि फाइलही निराळी. संशोधनाचे अनुदान संपले की उपयोगिता प्रमाणपत्र येते. पैसा मंजूर कामावर खर्च झाला एवढे ते सांगते. पाणी किती शुद्ध झाले हा त्यातला रकाना नाही. वस्त्रोद्योगाच्या 2013च्या एकात्मिक प्रक्रिया विकास योजनेसारख्या योजनांत केंद्राचे साहाय्य आहे ते प्रामुख्याने उभारणीसाठी. उभारणीला अनुदान आणि चालविण्याला काही नाही, अशी रचना असली की यंत्र उभे राहते, उद्घाटन होते, आणि विजेचे पहिले मोठे बिल आले की झाकण लागते. कॉफीच्या कोळशाच्या बाबतीत हा धोका अधिक, कारण येथे यंत्र स्वस्त आहे आणि नेहमीचा खर्च हाच मुख्य खर्च आहे.

म्हणून असा प्रस्ताव पुन्हा माझ्यासमोर आला तर मी कोळसा बनविण्याच्या कारखान्याला भांडवली अनुदान सुचविणार नाही. रेशीम रंगाऱ्यांच्या एखाद्या वस्तीत दोन वर्षांसाठी शुद्ध केलेल्या पाण्याच्या घनमीटरमागे ठरावीक रक्कम द्यावी. मोजमाप रंगाऱ्याने किंवा पुरवठादाराने न करता जवळच्या शासकीय प्रयोगशाळेने करावे. आणि त्या रकमेतील मोठा हिस्सा वापरलेला कोळसा सिमेंटच्या भट्टीत पोचल्याची पावती मिळेपर्यंत रोखून धरावा. कोळसा कॉफीचा असो, करवंटीचा असो की भुईमुगाच्या टरफलाचा, शासनाने विचारू नये. प्रयोगशाळांच्या अनुदानाला एकच जादा अट पुरेल: अंतिम अहवालात निदान तीन कारखान्यांच्या प्रत्यक्ष सांडपाण्यावरचे निष्कर्ष असावेत, आणि तो नमुना मिळवून देण्याची जबाबदारी संशोधकाच्या गळ्यात न मारता प्रदूषण नियंत्रण मंडळाने उचलावी. मंडळाचे निरीक्षक नमुने घ्यायला कारखान्यात जातच असतात. एक बाटली जास्त भरायची आहे.